‘अक्का, जागी आहेस का?’ : मोबाईलमधली मुलं आणि आपलं युवाकार्य

मंडळाच्या या वर्षीच्या अभ्यासवर्गासाठी मी ‘ख्रिस्तपुराण’ घेतलं होतं. धर्माची गोष्ट लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या माध्यमात कशी पोचते, एवढंच टिपण करायचं होतं. पण लिहिता लिहिता ते उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी, हैदराबादला, घडलेल्या एका गोष्टीकडे वळलं. त्या गोष्टीत माझी एक मोठी चूक आहे. ती वगळून टिपण पुढे सरकेना, म्हणून चुकीसकट लिहिते आहे. आपल्यापैकी बरेच जण आपापल्या धर्मग्रामात, शाळेत, एखाद्या संस्थेत किशोरवयीन मुलांबरोबर काम करतात. त्यांना याचा उपयोग व्हावा. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचावं, कारण फोन सगळ्यांच्याच घरात आहे.

१. मलकपेठची मुलं

माझे पणजोबा वैजापूरकडचे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे रोजगार शोधायचा तर हैदराबाद ही आपलीच राजधानी. ते आले ते इथलेच झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही मात्र मलकपेठेतच राहिलो. घरात मराठी, गल्लीत दखनी, चर्चमध्ये तेलुगू आणि इंग्रजी, असं आमचं चालतं. महबूब मॅन्शनच्या बाजारातून कांद्या-मिरचीचा वास येतो, वरून मेट्रो जाते आणि रविवारी मिस्सा संपली की आवारात चार भाषांत गप्पा सुरू होतात.

आमच्या युवा गटात आठवी ते बारावीची तीसेक मुलं-मुली आहेत. मला सगळे ‘अक्का’ म्हणतात, म्हणजे तेलुगूतली ताई. ही मुलं एकमेकांना लिहितात ती तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी, आणि तीही रोमन लिपीत. बोलण्यापेक्षा लिहिण्यात ती जास्त मोकळी असतात. आवारात शेजारी उभी राहूनसुद्धा दोघी एकमेकींना रील पाठवताना मी पाहिल्या आहेत.

सुट्टीला घरी गेल्यावर फादरांनी मला विचारलं, “मुलं रविवारी येतात, पण आठवडाभर कुठे असतात कळत नाही. तू काही करशील?” मला वाटलं, सोपं आहे. मुलं फोनमध्ये आहेत ना, मग आपणही फोनमध्ये जाऊ. मी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, इन्स्टाग्रामवर पान काढलं आणि रोज सकाळी सहाला एक वचन टाकायला सुरुवात केली. मागे सूर्योदय किंवा डोंगर, वर सुबक अक्षरं. दोन महिन्यांत साठच्या आसपास वचनं झाली. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागायची. मी खूश होते. फादरही खूश होते.

२. ते जिथे असतात ती जागा कशी आहे?

पुढे जाण्याआधी थोडा अभ्यास. ‘मुलं मोबाईलच्या नादी लागली’ असं आपण म्हणतो तेव्हा दोष सगळा मुलांवर टाकतो. पण ती जागा बांधली कशी आहे, ते पाहायला हवं.

पान संपलं की वाचणारा थांबतो, हा हजारो वर्षांचा अनुभव. पडद्यावरचं पान मात्र कधी संपतच नाही. सरकवत राहा, खालून नवं येत राहतं. ही युक्ती २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने बसवली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २००९ साली फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं आणि ‘मी कुणाला आवडते?’ या पंधरा वर्षांच्या मनातल्या जुन्याच प्रश्नाला रोज सगळ्यांसमोर आकड्यात उत्तर मिळू लागलं. २०१४ साली व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या. समोरच्याने वाचलं आणि उत्तर दिलं नाही, हेही आता दिसू लागलं. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. तेव्हा शाळा बंद होत्या, अभ्यास फोनवर होता. आज दहावीत असलेली मुलं त्या वेळी खालच्या वर्गांत होती. फोन त्यांनी मागून घेतला नाही, आपणच तो त्यांच्या हातात दिला.

२०२४ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे खेड्यापाड्यातलं चित्र. मलकपेठसारख्या शहरी वस्तीत काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणजे हे फक्त साधन नाही. मुलांच्या मैत्र्या तिथे होतात, भांडणं तिथे होतात, अपमानही तिथेच होतात. शाळा सुटली की छळ सुटायचा, असं आमच्या आईच्या पिढीत होतं. आता तो उशीपर्यंत येतो.

३. ख्रिस्तपुराणातला श्रोता

आता माझ्या मूळ टिपणाकडे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली रायतूरला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. अभ्यासात आपण त्यातलं मराठीचं कौतुक वाचतो आणि पुढे जातो. मला या वेळी त्यातली दुसरीच गोष्ट दिसली.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक श्रोता उठतो आणि पाद्रींना विचारतो. आशय असा : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या मनाच्या समाधानासाठी तसंच दुसरं काही का देत नाही? प्रश्नात तक्रार आहे. पाद्रींनी ती ग्रंथातून काढून टाकली नाही, उलट तिथूनच ग्रंथ सुरू केला. ओवी लोकांची, ‘पुराण’ हा शब्द लोकांचा, आणि सुरुवातीचा प्रश्नही लोकांचाच.

आणखी एक गंमत. हा मराठी ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत, कारण गोव्यातल्या छापखान्यात आपल्या लिपीचे खिळे नव्हते. रोमन अक्षरांत आपली भाषा लिहिण्याची सवय व्हॉट्सअ‍ॅपने लावली असं आपण समजतो. चारशे वर्षांपूर्वी एका पाद्रीने नाइलाजाने तेच केलं होतं. तेव्हा मुलांच्या खिचडी भाषेला नाकं मुरडण्याआधी आपण जरा थांबावं.

पुढचा इतिहासही हेच सांगतो. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ काढलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि भजन आपल्या ख्रिस्ती कार्यात आणलं. आपल्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवून वसईच्या मराठी वाचकांशी वर्षानुवर्षं संवाद ठेवला आणि पुढे ‘सुबोध बायबल’ दिलं. माध्यम बदललं की मराठी ख्रिस्ती माणूस नव्या माध्यमात गेला, हे आपण अभिमानाने सांगतो.

पण एक मुद्दा आपण विसरतो. कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात. मागच्या बाईने पदर डोळ्यांना लावला की त्याला कळतं, पुढचा माणूस पेंगला तरी कळतं. श्रोते धृपद उचलतात, टाळ धरतात. म्हणजे कीर्तनातून काही येतं आणि काही परतही जातं. माझ्या सकाळी सहाच्या वचनात परत येण्याची वाटच नव्हती. मी नव्या माध्यमात गेले खरी, पण हातात भोंगा घेऊन गेले.

४. चर्चने काय म्हटलं आहे?

अधिकृत शिकवण या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच पुढे आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क माध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. तेव्हा विषय होता वृत्तपत्र, सिनेमा, रेडिओ, दूरचित्रवाणी. १२ डिसेंबर २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट यांनी ट्विटरवर पहिला संदेश टाकला, तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. पण खरं वळण पुढे आलं.

मार्च २०१८ मध्ये, युवकांवरच्या सिनडच्या आधी, रोममध्ये सुमारे ३०० तरुणांची बैठक झाली आणि फेसबुकवरून सुमारे १५,००० जण तिच्यात सामील झाले. त्यांचं म्हणणं सिनडपुढे गेलं आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘ख्रिस्त जिवंत आहे’ हे पत्र आलं. त्यात डिजिटल जगाबद्दल परिच्छेद ८६ पासून वाचा. पोप म्हणतात की इथे नुसती साधनं बदललेली नाहीत, विचार करण्याची आणि नातं जोडण्याची रीतच बदलली आहे. त्या जगातला एकटेपणा, फसवणूक, छळ यांची नावं ते स्पष्ट घेतात आणि तरीही त्या जगाला शाप देत नाहीत. त्याच वर्षीच्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशात त्यांनी जाळं आणि शरीर असा फरक मांडला. जाळ्यात माणसं नुसती जोडलेली असतात. शरीरात एका अवयवाचं दुखणं दुसऱ्याला कळतं. इफिसकरांच्या पत्रातली ‘एकमेकांचे अवयव’ ही कल्पना तिथे आहे.

मे २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने सोशल मीडियावर एक चिंतनपत्र काढलं. ‘परिपूर्ण उपस्थितीकडे’ असं त्याचं नाव मराठीत देता येईल. त्याचा गाभा आहे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, लूक अध्याय १०. आपण सगळे एकाच डिजिटल रस्त्याने जात असतो, कुणीतरी कडेला जखमी पडलेलं असतं, आणि प्रश्न असा की आपण थांबतो का. याजक थांबला नाही, लेवी थांबला नाही. दोघेही धार्मिकच होते. गोष्टीत कारण दिलेलं नाही, पण कदाचित त्यांनाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असेल. सकाळी सहाचं वचन चुकू नये, तसं काहीतरी.

हे सगळं मी आता लिहिते आहे. उन्हाळ्यात मला यातलं बरंच माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही.

५. चूक

ही गोष्ट त्या मुलीला विचारून लिहिली आहे. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी बदल सांगितले ते केले. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मे महिन्यात एका रात्री पावणेबाराला मला संदेश आला : “अक्का, जागी आहेस का?” मी जागीच होते, दुसऱ्या दिवशीच्या वचनामागे कोणता डोंगर लावावा ते बघत होते. “हो, काय गं?” असं मी लिहिलं. पलीकडे ती लिहिते आहे असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. शेवटी आलं, “काही नाही.” मी तिला एक वचन पाठवलं आणि लिहिलं, “प्रार्थना कर आणि झोप.”

चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. तसाच उशीर, तोच प्रश्न, तेच “काही नाही”. मीही पुन्हा एक वचन पाठवलं. त्या रात्री मी आईला कौतुकाने सांगितलं, “बघ, मुली आता रात्री देवाची आठवण काढतात.”

तिसऱ्यांदा संदेश आला नाही. ती गटातून बाहेर पडल्याची करड्या अक्षरांतली एक ओळ तेवढी दिसली. मला वाटलं, नंबर बदलला असेल.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर माझी आजी चर्चच्या पायरीवर बसली होती. तिच्याकडे साधा, बटणांचा फोन आहे आणि तोही ती उलटा धरते. ही मुलगी समोरून चालली होती. आजीने तिला हाक मारून शेजारी बसवलं आणि दखनीत विचारलं, “सोती नै क्या बेटा?” एवढंच. मग गप्प बसली. मुलगीही गप्प. आजी उठली नाही. पाच-सात मिनिटांनी मुलगी रडायला लागली.

तिचे फोटो घेऊन कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं काढलं होतं. त्यावर घाणेरडा मजकूर होता आणि वर्गातली मुलं-मुली ते बघत होती, एकमेकांना पाठवत होती. तीन आठवडे ती रात्र-रात्र जागून त्या खात्यावर नवीन काय आलं ते बघत बसायची. घरी सांगितलं तर फोन काढून घेतील आणि शाळा बंद करतील, ही भीती.

आजीने मला हाक मारली. म्हणाली, “हिचं ऐक. मधे बोलू नको.”

मी ऐकलं. शेवटी ती माझ्याकडे बघून जे बोलली ते मी विसरणार नाही. तिच्या बोलण्याचा अर्थ असा होता : तुझं वचन आलं की मला वाटायचं, तुलाही माझी गोष्ट नको आहे.

६. एली आणि शमुवेल

त्या आठवड्यात मी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. तो उठून म्हाताऱ्या एलीकडे जातो. एली म्हणतो, मी बोलावलं नाही, जा, झोप. पुन्हा हाक येते, पुन्हा एली तेच म्हणतो. तिसऱ्या खेपेला एलीच्या लक्षात येतं की या मुलाला खरंच काहीतरी ऐकू येतं आहे.

आपण ही गोष्ट नेहमी शमुवेलाच्या बाजूने शिकवतो : देवाच्या हाकेला ओ द्यावी. युवाकार्य करणाऱ्यांनी ती एकदा एलीच्या बाजूने वाचावी. मला त्यात चार गोष्टी दिसल्या.

पहिली, एलीही दोनदा चुकला. त्याची दृष्टी अधू झाली होती, असं तिथेच लिहिलं आहे. म्हणजे चूक होते. पण मुलगा तिसऱ्यांदा आला, कारण दार उघडं होतं आणि दोन्ही वेळा एली त्याच्यावर ओरडला नव्हता. माझ्याकडे तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

दुसरी, एलीने मुलाच्या वतीने उत्तर दिलं नाही. ती हाक कुणाची आहे, ती ओळखायची कशी आणि आली तर काय म्हणायचं, एवढं सांगून त्याला परत पाठवलं. आज एका मुलाच्या कानात दिवसभर शेकडो हाका येतात. तू जाड आहेस, तू काळी आहेस, तू मागे पडलास, हे विकत घे, याचा द्वेष कर. त्यात आपण आणखी एक मोठी हाक मारून काय होणार? कोणती हाक कुणाची, हे ओळखायला मदत करणं हे खरं काम.

तिसरी, सकाळी एलीने शमुवेलाला बोलावून सगळं विचारलं. काही लपवू नकोस म्हणाला. रात्रीचं बोलणं रात्रीवर सोडून दिलं नाही.

चौथी सगळ्यात कठीण. शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराविरुद्ध होता. एलीने तो ऐकून घेतला. मुलांचं ऐकायचं म्हणजे आपल्या विरुद्धचंही ऐकायचं. ‘मिस्सेत कंटाळा येतो’, ‘धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारला की गप्प बसवतात’, ‘तुझं वचन नको वाटतं’. ख्रिस्तपुराणातल्या त्या श्रोत्याचा प्रश्नही असाच होता. पाद्रींनी तो ऐकला, म्हणून पुराण झालं.

७. आम्ही काय केलं, काय बदललं

त्या मुलीचं आधी सांगते. तिच्याबरोबर मी आणि आजी तिच्या घरी गेलो. आई-वडिलांना आजीनेच सांगितलं, आणि पहिली अट घातली की मुलीला बोलायचं नाही, चूक तिची नाही. खोट्या खात्यावरच्या मजकुराची चित्रं आणि दुवे आधी जपून ठेवले, कारण खातं बंद झालं की पुरावा जातो. मग अ‍ॅपवर तक्रार नोंदवली आणि वडिलांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. खातं काही दिवसांनी बंद झालं. कुणी काढलं होतं ते तिला आता माहीत आहे आणि ते कळल्याने तिला बरं वाटलेलं नाही. वर्गातली एक मैत्रीण गेली ती गेलीच. ती रविवारी येते, मागे बसते. गटात परत आलेली नाही. मी आग्रह करत नाही.

गटात मात्र आम्ही काही गोष्टी बदलल्या. युवाकार्य करणाऱ्यांसाठी त्या लिहिते.

१) रोजचं वचन बंद. त्याऐवजी आठवड्याला एक प्रश्न. उदाहरणार्थ, ‘या आठवड्यात फोनवर पाहिलेली कोणती गोष्ट मनातून जात नाही?’ उत्तर गटात नको असेल तर रविवारी सांगा, किंवा चिठ्ठीत लिहा. वचन येतं, पण शेवटी, त्यांच्या उत्तराला धरून. अम्माऊसच्या वाटेवर येशूने आधी विचारलं की तुम्ही कशाबद्दल बोलत चालला आहात, मग पूर्ण ऐकून घेतलं आणि शास्त्र नंतर उलगडून सांगितलं. लूक अध्याय २४ मध्ये हा क्रम स्पष्ट आहे. माझा क्रम उलटा होता.

२) गटावर दोन प्रौढ, एक बाई आणि एक पुरुष, आणि पालकांना गटाची माहिती. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मुलांचे फोटो पानावर टाकण्याआधी त्यांना आणि घरी विचारायचं.

३) अल्पवयीन मुलाशी लपून चॅट नाही. इथे अडचण येते, कारण रात्री पावणेबाराला लिहिणाऱ्या मुलीला ‘नियमात बसत नाही’ म्हणून गप्प कसं बसवायचं? आम्ही ठरवलं ते असं : उत्तर द्यायचं, “मी आहे, सांग” म्हणायचं, आणि सकाळी दुसऱ्या प्रौढाला एवढं कळवायचं की बोलणं झालं. काय बोलणं झालं ते नाही. पण जिवाला धोका असेल, किंवा कुणी छळत असेल, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. ते पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवायचं.

४) आपण डॉक्टर नाही, पोलीस नाही. चर्चच्या फलकावर आणि गटाच्या माहितीत तीन नंबर लिहून ठेवले : मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३०.

५) रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास एका टोपलीत फोन. आधी माझा, मग फादरांचा, मग मुलांचा. सक्ती नाही. पहिल्या रविवारी माझ्या आणि फादरांच्या फोनशिवाय टोपलीत फक्त दोन फोन पडले. सुट्टी संपेपर्यंत नऊ-दहा पडायला लागले.

८. फोनच काढून घ्यावा का?

अभ्यासवर्गात हा प्रश्न नक्की येणार. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली आहे. कंपन्यांना जबाबदार धरणारा कायदा असावा, असं मलाही वाटतं. न संपणारं पान दहावीतल्या मुलीने एकटीने इच्छाशक्तीवर थांबवावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण घरात फोन काढून घेण्याची भीतीच त्या मुलीला तीन आठवडे गप्प ठेवून गेली, हेही मी पाहिलं.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी कार्लो अक्युटिस याला संत म्हणून जाहीर केलं. १९९१ साली जन्मलेला, २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा इटलीतला मुलगा. परमप्रसादाच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळ केलं. आमच्या मुलांना तो आवडतो, कारण चित्रात तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून उभा आहे. पण त्याला ‘इंटरनेटचा संत’ म्हणून आपण पुन्हा पोस्टर बनवू नये. तो व्हिडिओ गेम खेळायचा आणि त्यावर स्वतःच आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती, असं सांगतात. तो संगणकात होता, पण संगणकाच्या ताब्यात नव्हता. आणि त्याच्या काळात फोनवरचं न संपणारं पान नव्हतं, हेही मुलांना सांगायला हवं. नाहीतर त्याचं उदाहरण त्यांच्यावर आणखी एक ओझं होईल.

माझी सुट्टी संपली. गट आता दुसरे दोघं बघतात. होस्टेलवर आल्यानंतर गेल्या महिन्यात एका रात्री फोन वाजला. गटातलाच एक मुलगा, नववीतला. “अक्का, जागी आहेस का?” मी लिहिलं, “आहे. सांग.” तो लिहीत राहिला, थांबला, पुन्हा लिहायला लागला. मी काहीच पाठवलं नाही. वीस मिनिटं लागली त्याला.

चर्चेसाठी प्रश्न

१) तुम्ही गेल्या महिन्यात कुणाला पाठवलेला एखादा धार्मिक किंवा प्रेरणादायी संदेश आठवा. त्याला उत्तर देण्याची वाट त्यात होती का?

२) ख्रिस्तपुराणातल्या श्रोत्यासारखा तक्रारीचा प्रश्न आज तुमच्या धर्मग्रामातली किंवा वर्गातली मुलं विचारतात का? त्यांना काय उत्तर मिळतं?

३) शमुवेल १, अध्याय ३ वाचा. तुमच्या आयुष्यात एली कोण होतं? तुम्ही कुणासाठी एली आहात?

४) कीर्तन, मासिक आणि रील या तीन माध्यमांत श्रोत्याची जागा कशी बदलते, यावर प्रत्येकाने दहा ओळी लिहून आणाव्यात. पुढच्या बैठकीत वाचू.